चणेही खा, दातही राखा! दातांच्या दुरुस्तीच्या २४ चटपटीत गोष्टी

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण रुजली त्या काळात गेलेला दात कायमचाच जायचा. आज किडलेला दात बुजवता येतो, तुटलेल्या दातावर कॅप चढते, पडलेल्याच्या जागी नवा बसतो. यामागे दगड, मेण, हस्तिदंत, रबर, झाडाचा चीक आणि समुद्रकाठची वाळू वापरून माणसाने हजारो वर्षं केलेली धडपड आहे. ही धडपड वाचताना एक गोष्ट पक्की पटते: दुरुस्ती जितकी लवकर, तितकी ती छोटी, स्वस्त आणि टिकाऊ. म्हणून सुरुवात अगदी लहानशा छिद्रापासून करू आणि पुढे पुढे जाऊ.

१. सर्वात कठीण, तरीही असहाय

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, ही आपल्या शरीरातली सर्वात कठीण वस्तू. वजनाने तिचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. मात्र हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. म्हणून मोडलेलं हाड सांधतं, कापलेली त्वचा भरून येते, पण दातातला खड्डा आपोआप बुजत नाही. कीड पांढऱ्या डागापुरतीच असेल, तर लाळेतली खनिजं आणि पेस्टमधलं फ्लोराइड मिळून तो भाग पुन्हा कठीण करू शकतात. खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्याला पर्याय नाही.

२. मेहरगढचे ड्रिलवाले

आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढांमध्ये कोरलेली छिद्रं सापडली. काळ आजपासून ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. छिद्रांच्या कडा चावून चावून झिजलेल्या होत्या, म्हणजे ही माणसं त्यानंतरही जेवत-खात जगली होती. तिथले कारागीर मणी कोरण्यात तरबेज होते आणि चकमकीच्या दगडाची टोकं वापरत. संशोधकांनी तशाच टोकाचं, धनुष्याच्या दोरीने फिरणारं ड्रिल करून पाहिलं, तर मिनिटभराच्या आत दाताला छिद्र पडलं!

३. मेण भरलेला सुळा

स्लोव्हेनियातल्या लोन्चे गावाजवळच्या गुहेत सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचा एक जबडा मिळाला. त्यातल्या सुळ्याला उभा तडा गेला होता आणि तो तडा मधमाश्यांच्या मेणाने भरलेला होता. २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि दात बुजवण्याच्या सर्वात जुन्या पुराव्यांच्या यादीत या सुळ्याचं नाव गेलं.

४. 'चांदी' भरण्याचं चिनी मूळ

आपल्याकडे आजी-आजोबांच्या दाढेत हमखास दिसणारी 'चांदी' म्हणजे अमाल्गम. त्यात चांदी, कथील आणि तांबं असतं, पण वजनाने जवळपास निम्मा असतो तो पारा. कथील, चांदी आणि पारा एकत्र करून दातात भरायची कृती चीनमधल्या तांग राजवटीच्या औषधिग्रंथात, इसवी सन ६५९ मध्येच नोंदलेली आहे. पाऱ्यामुळे होणारं प्रदूषण रोखायला युरोपीय महासंघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर अगदी मोजके अपवाद सोडून थांबवला. तुमच्या दाढेतली जुनी चांदी घट्ट आणि धड असेल तर घाबरून उकरून काढू नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, शिवाय चांगला दातही थोडा घासला जातो.

५. रंगकामाने सुचवलेला उपाय

दाताच्याच रंगाचं 'कंपोझिट' आज सर्रास भरलं जातं. पण गुळगुळीत एनॅमलला ते चिकटायचं कसं? अमेरिकेतले मायकेल बुओनोकोर यांना याचं उत्तर कारखान्यात सापडलं. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून तिथे आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी तेच दातावर केलं आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. आम्लाने एनॅमलवर अतिसूक्ष्म खाचा पडतात आणि भरलेलं द्रव्य त्यांत रुतून बसतं. पुढे राफेल बोवेन यांनी १९६०च्या दशकात टिकाऊ रेझिन शोधलं. निळा प्रकाश टाकला की आजचं कंपोझिट काही सेकंदांत कडक होतं.

६. विजेशिवाय दातदुरुस्ती

'सिमेंट भरलं' असं आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा ग्लास आयोनोमर असतं. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं. ते दाताशी रासायनिक नातं जोडतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. १९८०च्या दशकात टांझानियात एक नवी पद्धत तयार झाली, आज ती याच सिमेंटच्या भरवशावर चालते: ड्रिल नाही, वीज नाही, हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडायची आणि हे सिमेंट भरायचं. इंजेक्शनचीही बहुधा गरज पडत नाही. जिथे वीज येते-जाते अशा गावांतल्या शाळांसाठी हा उपाय फार मोलाचा आहे.

७. मिनिटाला तीन लाख फेऱ्या

तो सूंऽऽ आवाज! भारतातले दंतवैद्य त्या यंत्राला 'एअरोटर' म्हणतात. १८७१ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं होतं. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचं हवेच्या दाबावर फिरणारं एअरोटर आलं आणि फेऱ्यांचा वेग मिनिटाला लाखांत गेला. आजची यंत्रं तीन लाखांच्याही पुढे जातात. वेग जितका जास्त, तितका हादरा कमी आणि काम झटपट. सोबत उडणारं पाणी दात थंड ठेवतं, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने आतल्या जिवंत गराला इजा होईल.

८. '४६ नंबर' म्हणजे नेमकं काय?

दंतवैद्य मदतनिसाला '४६' असं सांगतात, पण तोंडात तर दात ३२च! यातला पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी एक सांगतो: रुग्णाचा वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. म्हणजे '४६' ही खालची उजवी सहावी, अर्थात पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी भागांचे आकडे ५ ते ८ वापरतात. पुढच्या वेळी खुर्चीत बसलात की कान देऊन ऐका, कुठल्या दाताबद्दल बोलणं चाललंय ते लगेच कळेल.

९. गुपचूप येणारी दाढ

हीच ४६ नंबरची दाढ आणि तिच्या तिन्ही बहिणी वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास उगवतात. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे त्या निमूटपणे येऊन बसतात. त्यामुळे 'दुधाचीच आहे, पडेल' असं समजून पुष्कळ घरांत त्यांच्या किडीकडे दुर्लक्ष होतं. ही दाढ जन्मभर साथ देणारी आहे. लहान मुलाच्या तोंडात सगळ्यात मागे नवी दाढ दिसली की एकदा तपासून घ्या. तिच्या खाचांवर पातळ सीलंट लावून कीड लागण्याआधीच तिला अडवता येतं.

१०. ना सुई, ना ड्रिल, फक्त टोपी

स्कॉटलंडच्या दंतवैद्य डॉ. नोर्ना हॉल लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर कीड न कोरता थेट स्टीलची टोपी बसवत असत. टोपीने दात सगळीकडून बंद झाला की जंतूंचं खाणंपिणं तुटतं आणि कीड थांबते. नंतरच्या अभ्यासांत ही पद्धत चांगली टिकली आणि आज ती 'हॉल टेक्निक' म्हणून जगभर शिकवली जाते. अर्थात कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली नसेल, दाढ दुखत नसेल, तरच ती चालते. दुधाची दाढ वेळेआधी काढली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

११. दाढेत आणि समुद्रतळाशी एकच चीक

रूट कॅनॉलमध्ये दाताच्या मुळातला सडलेला गर काढून पोकळी स्वच्छ करतात आणि तिथे भरतात गुट्टा-पर्चा. हा आग्नेय आशियातल्या पॅलाक्वियम झाडांचा चीक. गरम केला की मऊ होतो, गार झाला की घट्ट. १९व्या शतकात त्याचे गोल्फचे चेंडू बनले आणि समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर त्याचंच वेष्टन चढलं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल टाकली, तीही याच चिकाने मढवलेली होती. ज्या पदार्थाने मुंबई लंडनशी जोडली, तोच आज लाखो दाढा वाचवतोय.

१२. चौथी वाट

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, पण आतल्या नळ्या बहुतेकदा चार. ही चौथी नळी इतकी बारीक असते की ती शोधायला दंतवैद्य भिंग किंवा मायक्रोस्कोप वापरतात. ती राहून गेली, तर केलेलं रूट कॅनॉल पुन्हा दुखू शकतं. या उपचाराला वेळ लागतो तो अशाच कामांसाठी. आणि रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप बसवायचा कंटाळा करू नका. आधीच किडीने पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबाखाली उभी चिरली, तर अनेकदा काढावीच लागते.

१३. नटराज आणि दाढेची टोपी

मेणाची मूर्ती घडवायची, भोवती मातीचा साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. चोळांच्या काळातले कांस्य नटराज याच रीतीने घडले. १९०७ मध्ये अमेरिकेतले विल्यम टॅगार्ट यांनी ही मेणओतीव रीत सोन्याच्या दंतभरणासाठी सादर केली आणि दातात नेमकी बसणारी सोन्याची भरणं व कॅप ओतता येऊ लागल्या. सोनं गंजत नाही, लाळेत खराब होत नाही आणि समोरच्या दाताला फारसं झिजवत नाही. पूर्वी सोन्याच्या दाताला मान होता, त्याला हा पक्का शास्त्रीय आधारही होता.

१४. मुद्दाम मोठी केलेली कॅप

१९८५ मध्ये झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमन आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने पहिल्यांदा तोंडातल्या दाताचं कॅमेऱ्याने माप घेऊन रुग्ण खुर्चीत असतानाच सिरॅमिकचं भरण कोरून दिलं. आज झिर्कोनियाच्या कॅपही संगणकाच्या मदतीने कोरतात. गंमत म्हणजे कोरताना ती हव्या त्या आकाराहून सुमारे २० ते २५ टक्के मोठी ठेवतात. नंतर भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला भाजली की ती आक्रसून बरोबर मापाची होते आणि तेव्हाच तिला खरी ताकद येते.

१५. एट्रुस्कन बायकांचा सोनेरी पूल

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सुमारे २,६०० वर्षांपूर्वीचे सोन्याच्या पट्टीचे 'ब्रिज' सापडले आहेत. शेजारच्या दातांभोवती पट्टी गुंडाळून मधे बदली दात अडकवलेला असे. ते वापरणाऱ्या बहुतेक श्रीमंत घरच्या स्त्रिया होत्या. आजच्या नेहमीच्या ब्रिजसाठी शेजारचे दोन्ही दात घासावे लागतात. ते दात धड असतील तर १९८०च्या सुमारास अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात तयार झालेला पर्याय विचारा. बदली दाताला मागून पातळ पंख असतात आणि ते शेजारच्या दातांना चिकटवतात, घासणं अगदी थोडं.

१६. एक गेला, बाकीचे हलले

'मागची एक दाढ काढली तर काय बिघडतं?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. बिघडतं ते असं. तिच्या मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्याने लांबत येते, फटींत अन्न अडकून नव्या किडीला जागा मिळते. मुळाच्या आधाराने उभं असलेलं हाडही झिजतं. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते. गाल बसतात ते यामुळेच. 'नंतर बघू' म्हणत वर्षं घालवली, तर पुढच्या उपचाराला हाडच पुरत नाही. अक्कलदाढेची गोष्ट वेगळी, तिच्या जागी सहसा दुसरी बसवत नाहीत.

१७. लाकडी कवळी खरंच होती, पण जपानमध्ये

नाकाओका तेई ही जपानमधल्या वाकायामाची बौद्ध उपासिका १५३८ मध्ये वारली. तिची कवळी आजही माहीत आहे. चिवट, गुळगुळीत बॉक्सवुडच्या एकाच तुकड्यातून ती कोरलेली होती. मूर्तिकामात मुरलेल्या हातांनी जपानी कारागीर मेणाने हिरडीचं माप घेऊन अशा कवळ्या बनवत आणि त्या टाळूला नीट चिकटून बसत.

१८. वॉशिंग्टनच्या दातांमागचं दुःख

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडी होती, ही प्रसिद्ध गोष्ट खोटी आहे. १७८९ मध्ये शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, शिसं, जनावरांचे आणि माणसांचेही दात वापरले होते. त्यांच्या १७८४च्या हिशेबवहीत नऊ दातांसाठी 'निग्रोंना' पैसे दिल्याची नोंद सापडते. गुलामीत राबणाऱ्या माणसांच्या तोंडचे हे दात होते. कृत्रिम दातांच्या इतिहासाचं हे पान विसरता कामा नये.

१९. रणांगणावरचे दात आणि चिनीमाती

१८१५च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून कवळ्या बनवणाऱ्यांना विकले गेले. पुढे कित्येक वर्षं इंग्लंडमध्ये कवळीतल्या मानवी दातांना 'वॉटर्लूचे दात' म्हणत. याला चांगला पर्याय तोवर जन्मलेला होता. अॅलेक्सी दुशातो या फ्रेंच औषधविक्रेत्याला स्वतःच्या हस्तिदंती कवळीचा वास असह्य झाला, म्हणून १७७४च्या सुमारास त्याने चिनीमातीची कवळी घडवून घेतली. चिनीमातीत वास मुरत नाही, डाग पडत नाही. १८०८ मध्ये जुझेप्पांजेलो फोंझी यांनी चिनीमातीचे सुटे दात आणले आणि मृतांच्या तोंडात हात घालायची गरज हळूहळू संपली.

२०. रबरी कवळीपायी खून

चार्ल्स गुडइयर यांनी रबर टिकाऊ करायची रीत शोधल्यावर त्याच घराण्याच्या कडक रबरातून स्वस्त कवळ्या बनू लागल्या आणि सामान्य माणसाला पहिल्यांदा कवळी परवडली. मात्र पेटंट हाती असलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून शुल्क मागायची. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन शहरोशहरी फिरून शुल्क चुकवणाऱ्यांना कोर्टात खेचत. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने त्यांना गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलाबी अॅक्रिलिक आलं आणि रबर मागे पडलं.

२१. कवळी टिकते कशी?

ओल्या झालेल्या दोन काचा जशा एकमेकींना घट्ट धरतात, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थरामुळे टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला टाळूएवढी जागा मिळत नाही, वर जीभ सतत हलते, म्हणून ती सुटते. यावर २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं की खालच्या जबड्यात निदान दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेली कृत्रिम मुळं, बसवून कवळी त्यांवर अडकवावी. कवळी बोलण्यावरही परिणाम करते. विन्स्टन चर्चिल यांच्या उच्चारातला बोबडेपणा ही त्यांची ओळख होती, म्हणून त्यांची कवळी तो टिकेल अशा बेताने घडवली होती. २०१० मध्ये लिलावात तिला १५,२०० पौंड मिळाले. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते.

२२. ससा, स्वीडन आणि रत्नागिरीची वाळू

होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या, सुमारे इसवी सन ६००च्या माया जबड्यात शिंपल्याचे तीन दात ठोकलेले होते. पुढे क्ष-किरणांत त्यांच्याभोवती हाड वाढल्याचं दिसलं. आधुनिक इम्प्लांटची सुरुवात मात्र सशापासून झाली. १९५२ मध्ये स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते हाडाशी एकजीव झालेलं! १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांना असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ते काम देत होते. टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. इम्प्लांट हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे त्याचे मोठे शत्रू. सवय सोडायची तर शस्त्रक्रियेआधीच सोडा.

२३. दाढ काढली की डोळे जातात?

मुळीच नाही! दाताच्या संवेदना वाहणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. उलट दातामुळे दृष्टी परत मिळू शकते. इटलीचे बेनेदेत्तो स्ट्राम्पेली यांनी १९६०च्या दशकात ही शस्त्रक्रिया शोधली. बुबुळ पूर्ण खराब झालेल्या रुग्णाचा स्वतःचा दात, बहुधा सुळा, हाडाच्या तुकड्यासकट काढतात, त्यात छिद्र करून पारदर्शक नळी बसवतात, काही महिने गालाखाली ठेवून त्यावर रक्तवाहिन्या वाढू देतात आणि मग तो डोळ्यात बसवतात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातही ही शस्त्रक्रिया झाली आहे. वरची दाढ काढायला घाबरणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

२४. आइस्क्रीममधून दंत महाविद्यालय, औषधातून नवा दात?

भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केलं. खर्च भागवायला त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' हे आइस्क्रीमचं दुकान काढलं होतं! तिथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. आता शंभर वर्षांनी जपानमध्ये त्याहून मोठं स्वप्न पाहिलं जातंय. दातांची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारं औषध कात्सू ताकाहाशी यांच्या गटाने तयार केलं आणि २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली. ती औषध सुरक्षित आहे का, एवढंच पाहण्यासाठी होती. बाजारात यायला वेळ लागेल, म्हणून आजच्या किडीचा उपचार त्यावर टाकू नका.

लक्षात ठेवा: दात पडला तर पहिला तास मोलाचा

क्रिकेटचा चेंडू लागून किंवा दुचाकीवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर तो पुन्हा बसू शकतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, खरवडू नका. माती लागली असेल तर क्षणभर दुधाने किंवा पाण्याने विसळा आणि जमलं तर त्याच खाचेत परत बसवून रुमाल दाताखाली धरा. नाहीतर थंड दुधात टाका आणि लगेच दंतवैद्य गाठा. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की संपल्या, म्हणून कागदात गुंडाळून नेऊ नका. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

आणि दंतवैद्याकडे गेलात की हे चार प्रश्न जरूर विचारा. हा दात वाचवता येईल का? माझ्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत आणि प्रत्येक साधारण किती वर्षं टिकतो? शेजारचे दात घासावे लागतील का? आणि आत्ता काहीच केलं नाही, तर वर्षभराने काय होईल? महागड्या उपचाराआधी दुसऱ्या दंतवैद्याचं मतही घ्या. पैसे कमी असतील तर शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा, तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली माफक दरात काम होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'आता या वयात काय दात बसवायचे' असं म्हणू देऊ नका. भाकरी, भुईमूग, उसाचा करवा नीट चावून खाणं हा त्यांचाही हक्क आहे. त्यांना या महिन्यातच तपासणीला घेऊन जा.